स्वच्छ नळी

या वेळी फजिती होणं शक्यच नाही, असं रसायनशास्त्राच्या सरांनी बायकोला सांगितलं, सासऱ्यांना फोन करून कळवलं आणि आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. तीन वर्षं ते शाळेत हंगामी होते. मुख्याध्यापिका बाईंनी अखेर अट घातली होती, "अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण चाळीसच्या चाळीस मुलांना समजलं, तर कायमच्या नेमणुकीच्या कागदावर सही करते. चाचणीत एकानेही चुकवलं, तर पुढच्या वर्षी बघू."

सरांचा वर्ग म्हणजे पालथा घडा. गेल्या वर्षी त्यांनी अल्कोहोल आणि आम्ल तापवून ईस्टर करून दाखवला होता. पिकलेल्या फळाचा वास सुटला, मुलं खूश झाली आणि 'ईस्टरचा गुणधर्म' या प्रश्नाला निम्म्या वर्गाने 'भूक लागते' असं उत्तर लिहिलं. सरांना रडावं की फळा फोडावा कळेना.

म्हणून यंदा वासाची भानगडच नको. प्रत्येक फुंकणाऱ्यासाठी वेगळ्या परीक्षानळीत आम्ल घातलेलं नारंगी डायक्रोमेटचं द्रावण, बाहेर कोमट पाणी आणि वरून फुंकायला काचेची नळी. श्वासात अल्कोहोल असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन नारंगी रंग हिरवा होणार. आंधळ्यालाही दिसेल, असं सर म्हणाले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

प्रयोग पाहायला बाई आल्या, सोबत संस्थेचे अध्यक्षही आले. आधी सरांनी स्वतः फुंकलं. द्रावण नारंगीच राहिलं.

"पाहिलंत? मी शुद्ध. आता बाई फुंकतील."

"तुमची उष्टी नळी?" बाईंनी नाक मुरडलं. बाई दाराची कडीसुद्धा रुमालाने धरत.

"छे छे, असं कसं," म्हणत सरांनी नळी आतूनबाहेरून स्पिरिटने विसळली, झटकली आणि अदबीने पुढे केली. बाईंनी फुंकलं. द्रावण झरझर हिरवं झालं.

मागच्या बाकांवरची मुलं तीन वर्षांत पहिल्यांदाच पुढे येऊन बघू लागली.

"मी सकाळपासून फक्त चहा घेतलाय," बाई म्हणाल्या.

"आणा इकडे, उपकरणातच खोट असेल," अध्यक्ष पुढे सरसावले. सरांनी घाबरून नळी पुन्हा स्पिरिटने विसळली, या वेळी दोनदा. अध्यक्षांचं तर पहिल्याच फुंकरीत हिरवंगार.

"परवा एका लग्नात..." अध्यक्षांनी कुणी विचारलं नसताना बोलायला सुरुवात केली आणि मध्येच तोंड मिटलं.

कोपऱ्यात प्रयोगशाळेचे मामा उभे होते. त्यांचे डोळे कायम लाल, त्यामुळे ते पितात यावर अख्ख्या शाळेचं एकमत होतं. "मामा, तुम्ही फुंका," बाई घाईघाईने म्हणाल्या. निदान तिथे तरी हिरवा रंग योग्य जागी दिसला असता.

सर स्पिरिटची बाटली शोधू लागले. "राहू द्या हो सर," म्हणून मामांनी नळी नळाखाली धरली, सदऱ्याला पुसली आणि फुंकलं. नारंगी. पुन्हा फुंकलं. नारंगीच.

"सोडून वर्ष झालं," मामा म्हणाले. "सांगून सांगून थकलो. कुणाला पटतंय?"

तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, तुमच्यात काही नव्हतं. स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. ते नळीत मीच घातलं होतं."

"म्हणजे," अध्यक्ष एकेक शब्द तोलत म्हणाले, "भर वर्गात आम्हा दोघांच्या तोंडाला तुम्ही स्पिरिट लावलंत."

बाई निघून गेल्या. दाराची कडी त्यांनी उघड्या हाताने धरली, यावरून सरांना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

आठवड्याने चाचणी झाली. सरांनी पेपर तपासले आणि त्यांचा विश्वास बसेना. चाळीसच्या चाळीस बरोबर! रंग बरोबर, कारण बरोबर, समीकरणसुद्धा बरोबर. अट अक्षरशः पूर्ण झाली होती. आता गठ्ठा बाईंना दाखवायचा आणि सही घ्यायची, एवढंच उरलं होतं.

सर तासभर बाईंच्या खोलीबाहेर गठ्ठा छातीशी धरून उभे आहेत. कारण 'उदाहरण द्या' या ओळीखाली चाळीसही मुलांनी एकच उदाहरण दिलंय, आणि बऱ्याच जणांनी बाईंची आकृती काढून तिला हिरव्या पेन्सिलने रंगही दिलाय.