पेजेला चाल लावणारे सगुणबाब

पार्से गावच्या सगुणबाबांना वाचता येते. नुसते वाचता येत नाही. अक्षर दिसले की त्यांना चाल सुचते. मामलेदार कचेरीत नोकरीला होते तेव्हा जमिनीच्या नोटिसाही ते गुणगुणत, आणि दावा हरलेला माणूस पायऱ्या उतरताना नकळत ठेका धरी. आमच्याकडे आलेली एक लग्नपत्रिका त्यांनी भैरवीत वाचली, तेव्हा माझी आई पदराने डोळे पुसू लागली. नवरी कोण, कुठली, तिला ठाऊकही नव्हते.

मी पेडण्याच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि मुक्तछंदात लिहिते, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. "मुक्त म्हणजे दावें सुटलेलें ढोर गो बाय. धरून हाडूंक जाय." देवळाच्या मंडपातल्या कविसंमेलनात त्यांनी माझी विरहाची कविता धरून आणली, ती थेट घुमटआरतीत. घुमटाच्या मातीच्या घटावर ताणलेल्या कातड्यावर पहिली थाप पडली आणि अख्खा मंडप उठून उभा राहिला. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. विरह संपताच प्रत्येकाने जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली, हात जोडले आणि प्रसादासाठी ओंजळ पुढे केली.

मला रडू यायचे बाकी होते. सगुणबाब घाम पुसत म्हणाले, "उभ्यान आयकली तुझी कविता. आनी कितें जाय?"

पुढे त्यांच्या पत्नीला, सुमतीवयनींना, अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू थोडा सावरला, वाचा परतली नाही. पाणी मागायचे तरी ओठ नुसते थरथरत. चवथीला मात्र घरात गणपतीची आरती सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून वयनींचा आवाज उमटला, स्वच्छ, शब्द अन् शब्द. आरती संपली, आवाज थांबला. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, असे होते कधी. बोलणे अडते तिथून गाणे वाट काढते. त्या वाटेने बोलणेही परतेल का, हे त्यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सगुणबाब माझ्या दारात.

"तुझ्या कवितेंत कामाचो एक शब्द नाय. क्षितिज, शून्य, अथांग. तिका क्षितिज कित्याक जाय? पेज घाल. उशी घाल. पाठ खाजयता तें घाल."

"सगुणबाब, याला कविता म्हणत नाहीत."

"चाल लावल्यार म्हणटत."

मी लिहू लागले. आजवर चांदण्यात हिंडलेली माझी लेखणी स्वयंपाकघरात शिरली. उकड्या तांदळाच्या पेजेची गोडसर वाफ, खोबरेल मुरलेला उशीचा अभ्रा, उन्हाने तापलेला खिडकीचा गज. हे सारे इतके दिवस माझ्या कवितेबाहेर कसे राहिले, कोण जाणे. सगुणबाब मांडीवर घुमट घेऊन एकेक ओळ घोळवीत आणि वयनी मागून म्हणत. पण म्हणत ते आमचे शब्द. ठेका थांबला की त्याही थांबत.

"पोपट शिकयतां काय हांव?" सगुणबाब एकदा हळूच म्हणाले. "माका तिचें उलवप जाय, तिचें स्वताचें बोलणें."

काजूच्या बोंडांचा आंबूस वास दाटलेल्या एका दुपारी मी त्यांच्या सोप्यात बसले होते. खिडकीची नवी ओळ चालली होती. वयनींचा गंधार उतरतो म्हणून सगुणबाब परत परत पहिल्यापासून सुरुवात करीत, समजावून देत, पुन्हा गात. वयनींनी बराच वेळ ऐकून घेतले. मग चांगला हात उचलून घुमटाच्या कातड्यावर ठेवला आणि त्याच चालीत, सावकाश, सुरात गायल्या,

"वायच... गप... रवा."

सगुणबाबांनी चमकून माझ्याकडे पाहिले. "ही ओळ तुझी?"

"माझी नाही."

ते काहीतरी बोलणार होते. वयनींनी नुसते पाहिले, तसे त्यांनी ओठ मिटून घेतले. आणि मी निघेपर्यंत ते तसेच बसून होते, तोंड गच्च मिटून, डोळ्यांतले पाणीही न पुसता, मोठे बक्षीस मिळाल्यासारखे हसत.