न हादरणारी सायकल

"हिला कॅरिअर कुठाय?" दमयंतीबाईंनी विचारलं.

दर्शन शिवलकरने नवी सायकल आणून पडवीत भिंतीला टेकवली होती आणि तिच्यात काय काय नाही याची मोजदाद सुरू झाली होती. कॅरिअर नाही, स्टँड नाही, चिखल अडवायला पत्रा नाही, घंटीसुद्धा नाही. हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. टायर बोटाएवढे.

"अर्धीच दिली काय रे तुला? बाकीची मागाहून येणार?"

"आई, ही रोड बाईक आहे. पूर्ण पोलादी. पुण्याच्या कारागिराने माझ्या हातापायांची मापं घेऊन बनवली."

"मापं घेऊन ब्लाऊज शिवतात," दर्शनची बायको सानिका आतून म्हणाली.

दर्शन पाटबंधारे खात्यात होता. आठवडाभर साहेबांचं ऐकायचं, शनिवारी घरच्यांचं ऐकायचं आणि रविवारी सकाळी उरलेल्या जगाचं. आता मात्र रविवारची सकाळ आपली एकट्याची, असं त्याने ठरवलं होतं. मारुती मंदिराच्या सर्कलला चार सायकलवाले जमायचे, ते समुद्राकाठच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जायचे, नाश्ता करून परत यायचे. बस्स, एवढंच त्याला हवं होतं. आणि जमलंच तर आरे-वाऱ्याच्या चढावर दाताच्या डॉक्टर खातूंना एकदा, फक्त एकदाच, मागे टाकायचं होतं.

डॉक्टर खातूंची सायकल कार्बनची होती. दर्शनने स्टीलची मागवली हे कळल्यावर ते म्हणाले होते, "शिवलकर, ती सायकल नव्हे, लोखंडी कॉट आहे. चढावर गादी घेऊन या." दर्शनही गप्प बसणारा नव्हता. "आणि तुमची प्लास्टिकची बादली. पडली की फुटली," असं तो बोलून आला होता. बोलून आला म्हणजे आता निस्तरणं आलं.

घरात मात्र त्याच्या अंगात व्याख्याता संचारला. त्याने नखाने सायकलच्या नळीवर टिचकी मारली. "ऐका. टोकाला टक. आता मध्ये ऐका. टिंग! का? तर नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ. सांधे पितळ वितळवून जोडलेत, म्हणून बळकट. आणि पुढचा हा फोर्क बघा, पुढे वाकवलाय. खड्ड्याचा दणका आधी हा खातो, उरलेला ह्या नळ्या खातात. माझ्यापर्यंत येतो तो नुसता निरोप."

"सगळं तीच खाते, मग नाश्ता कशाला हवा गणपतीपुळ्यात?" सानिका म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. पण बायको हसली की नवऱ्याला अजून एक वाक्य बोलायची खुमखुमी येतेच. दर्शन म्हणाला, "हसू नकोस. हिच्यावर अंडी बांधून गणपतीपुळ्याला जा. फुटणं सोड, अंड्याला कळायचंसुद्धा नाही आपण गाव सोडला म्हणून!"

दमयंतीबाईंनी मान वर केली.

आता कोकणात राहणाऱ्या माणसाने काही गोष्टी चारचौघांत बोलू नयेत. त्यातली पहिली म्हणजे आपण कुठे चाललोय ते. बोललात की समोरचा म्हणतो, "जातोच आहेस तर..." ह्या शब्दांपुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत. मुंबईला निघालेला माणूस नुसता टूथब्रश घेऊन घराबाहेर पडतो आणि एसटीत बसेपर्यंत त्याच्या मांडीवर तिघांचे आंबे आणि एकाची जावयासाठीची सुरमई असते.

"जातोच आहेस तर," दमयंतीबाई म्हणाल्या, "कमळेकडे अंडी देऊन ये."

कमळामावशी नेवऱ्याला राहायची, गणपतीपुळ्याच्या वाटेवर. तिची कोंबडी अंडी उबवायला खुडूक होऊन बसली होती, पण मावशीचा कोंबडा मुंगसाने नेलेला. त्यामुळे तिच्या घरच्या अंड्यांतून पिल्लं निघायची आशा नव्हती. दमयंतीबाईंचा कोंबडा ठणठणीत होता. प्रश्न अंडी पोचवण्याचा होता.

"रिक्षाने पाठवली तर आत सगळी कालवाकालव व्हायची. हादरलेल्या अंड्यात जीव धरत नाय. तुझी सायकल बरी. कळतच नाय ना अंड्याला?"

"आई, मी ते... बोलायची पद्धत असते..."

"म्हणजे हादरते?"

दर्शन सायकलीकडे बघत राहिला. मापं देऊन, महिनोन्महिने वाट बघून आणलेली सायकल. तो म्हणाला, "छे! हादरते कसली."

रविवारी हँडलला पिशवी, पिशवीत भाताचं तूस आणि तुसात अंडी असा दर्शन सर्कलला पोचला. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. आरे-वाऱ्याच्या चढावर ते भुर्रकन पुढे गेले. अंडी सांभाळत दर्शन गोगलगाईसारखा वर पोचला, तोवर बाकीच्यांचा गणपतीपुळ्यात नाश्ता होत आला होता.

पण अंडी? एकालाही तडा नाही. आणि यथावकाश कमळामावशीचा फोन आला, "दमे, सगळ्यांतून पिल्लं निघाली गो! एक अंडं फुकट नाय गेलं! काय सायकल म्हणायची की काय!"

झालं. बातमी आळीत पसरली. पुढच्या रविवारी शेजारच्या यमुनाबाई करवंदाच्या लोणच्याची काचेची बरणी घेऊन हजर. त्यांची लेक नेवऱ्यालाच दिलेली. "जातोच आहेस तर," त्या म्हणाल्या. त्यापुढच्या रविवारी कंदिलाची काच. मग कोणाचे पोह्याचे पापड, अख्खेच पोचायला हवेत असे. येताना मावशी हात रिकामे पाठवायची नाही, तेव्हा परतीला खरवसाचा डबा. सायकलला कॅरिअर नव्हतं हे खरं, पण आता दर्शनच कॅरिअर झाला होता. पाठीवर एक पिशवी, हँडलला दोन आणि गळ्यात एक.

"शिवलकर, एसटीने तुम्हाला पार्सलचं कंत्राट दिलं का?" डॉक्टर विचारायचे आणि पुढे निघून जायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे सायकल खरोखरच सुरेख होती. तिच्यावर बसलं की रस्ता लोण्यासारखा लागायचा, पायडलला जरा जोर दिला की ती पुढे उसळू बघायची आणि दर्शन तिला आवरून धरायचा. त्याचा जीव तुटायचा. एवढी सायकल आणि ती आपण हातगाडीसारखी ढकलतोय!

शेवटी त्याने ठरवलं, एकदा काहीतरी फुटलंच पाहिजे. एक फुटलं की नाव गेलं, आणि नाव गेलं की सुटका. त्या रविवारी पिशवीत अंडी आणि बरणी दोन्ही होती. लोक खड्डा दिसला की चुकवतात, दर्शन शोधत निघाला. फार लांब जावं लागलं नाही. परटवण्याच्या उतारावर त्याने दोन घेतले, साखरतरच्या पुलाअलीकडे ओळीने सगळे घेतले, एक गतिरोधक तर परत वळून दुसऱ्यांदा घेतला. बाजूने जाणारा रिक्षावाला ओरडला, "ओ भाऊ, डोळे आहेत काय?"

नेवऱ्याला मावशीने एकेक अंडं काढून उजेडात धरलं. बरणी ठोकून बघितली. सगळं जसंच्या तसं. "अशी सायकल जगात नाय हो," ती शेजारणीला म्हणाली. दर्शनची छाती अभिमानाने फुगली आणि त्याच वेळी त्याला रडावंसं वाटलं. पुण्याच्या त्या कारागिराला त्याने मनातल्या मनात हात जोडले आणि शिव्याही घातल्या.

आता एकच उपाय उरला होता आणि तो फार कडू होता. जेवताना त्याने तो गिळला.

"आई, स्टीलची सायकल बरी आहे, पण कार्बनची खरी मऊ. डॉक्टर खातूंची."

सानिकाचा घास हातातच राहिला. "कोण बोलतंय हे?"

"खरं ते खरं. कार्बन दणका जिरवतो. माझी काय, लोखंडी कॉटच आहे ती."

हे बोलताना त्याला इतकी लाज वाटली, की पडवीत उभ्या सायकलीला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला होता.

दमयंतीबाईंची दाढ तशीही चार दिवस दुखतच होती. त्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची ती सायकल हादरत नाय म्हणतात, खरं काय?"

"काकू!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कोणी पेशंटने हा विषय काढला नव्हता. "ढगावर बसल्यासारखं वाटतं. हादरा म्हणजे काय ते कार्बनला माहीतच नाही!"

"आणि रविवारी जाता ना नेवऱ्यावरून?"

"दर रविवारी."

"जाताच आहात तर..." दमयंतीबाई म्हणाल्या.

त्या रविवारी दर्शन रिकाम्या पाठीने निघाला. काय सांगावं! पुलावर वारा तोंडावर आला तेव्हा तो मोठ्याने हसला. आरे-वाऱ्याचा चढ त्याने उभं राहून मारला, सायकल त्याच्याखाली सळसळत चालली आणि मागे, खूप मागे, डॉक्टर खातू गळ्यात अंड्यांची पिशवी बांधून, ओठ आवळून येत होते. वर पोचल्यावर दर्शनने समुद्राकडे तोंड करून सायकलच्या नळीवर थोपटलं. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं. हे सानिकाला सांगायचं नाही, हेही त्याने तिथेच ठरवलं.

पण डॉक्टर म्हणजे शिकला-सवरलेला माणूस. पुढच्या रविवारी सर्कलला न जाता ते पहाटे थेट शिवलकरांच्या पडवीत आले.

"काकू, मला एक कबूल करायचंय. कार्बनचं काही खरं नाही. अंगठ्याएवढा खडा आला तरी दात वाजतात. स्टील ते स्टील! शिवलकरांच्या सायकलची सर नाही."

हेच वाक्य ऐकायला दर्शन वर्षभर तळमळला होता. लोकांसमोर, मोठ्याने, खातूंच्याच तोंडून. आणि ते आलं तेही कधी!

"काहीतरीच काय डॉक्टर," तो घाईघाईने म्हणाला, "कार्बनपुढे स्टील म्हणजे बैलगाडी."

"अहो, तुमच्या नळ्या मध्ये पातळ आहेत! तुम्हीच सांगितलंत!"

"तुमचा अख्खा फोर्क दणका गिळतो! ढगावर बसल्यासारखं, आईला तुम्हीच म्हणालात!"

"मी खोटं बोलत होतो!"

"मीही!"

दमयंतीबाई दोघांकडे आलटून पालटून बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही चांगल्या. बरं झालं, मला एकीनं भागणारच नव्हतं."

त्या आत गेल्या आणि दोन मोठे पुठ्ठ्याचे डबे घेऊन आल्या. कमळामावशीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायला दमयंतीबाईंनी हलव्याचं तुळशीवृंदावन केलं होतं. हातभर उंच, साखरेचं, नुसत्या श्वासाने तुटेल असं. खालचा भाग एका डब्यात, वरचा दुसऱ्यात.

"डॉक्टर, खालचा तुमच्याकडे. दर्शन, वरचा तुझ्याकडे. आणि बरोबर जावा हां. एकटा पुढे पोचून काय उपयोग नाय."

गोष्टीत सांगतात तशी त्या दिवशी दोघांची मैत्री वगैरे झाली नाही. पाठीला डबे बांधून दोघं शेजारी शेजारी, चिडलेल्या नवरा-बायकोसारखे गप्प चालले होते. एक जरा पुढे सरकला की दुसरा खाकरायचा. आरे-वाऱ्याचा चढ दोघांनी इतक्या हळू चढला, की पर्यटकांनी त्यांचे फोटो काढले. वर पोचले तेही एकदमच. चहाच्या टपरीवर टेकले आणि पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून जरासे हसले.

तेवढ्यात एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. हातात मातीचं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"नेवऱ्याला चाललाव काय रे?" तिने विचारलं. "ती न हादरणारी सायकल म्हणतात, ती तुमच्यातली कुठची?"

दोघांनीही क्षणाचा विलंब न लावता एकमेकांच्या सायकलीकडे बोट दाखवलं.