ड्रायव्हरची शांत झोप

रात्रपाळीच्या बसचा ड्रायव्हर दुपारी झोपायचा आणि तो झोपलाय हे अख्ख्या इमारतीला कळायचं. घोरता घोरता मध्येच त्याचा श्वास अडायचा आणि त्यासरशी हृदयाचे ठोकेही चुकायचे. म्हणून डॉक्टरांनी त्याला गाडीवरून उतरवलं होतं. आता झोपताना नाकात हवा सोडणारं यंत्र मिळालं होतं. त्याने ठोके ताळ्यावर आले का, हे आजच्या झोपेत कळणार होतं. छातीला वायरी, कमरेला ठोके टिपणारी डबी. ठोके सरळ आले तर गाडी परत, नाहीतर डेपोत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या.

नवरा परीक्षेला बसावा तशी बायकोने तयारी केली. झोपमोड नको म्हणून बेल बंद केली, दार नुसतं लोटून ठेवलं. ड्रायव्हरने नाकावर मुखवटा चढवला आणि तो झोपला. घोरणं नाही की काही नाही. लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता प्रथमच झाली होती. बायको आतल्या खोलीत जरा टेकली आणि तीही ढाराढूर झोपली.

ही शांतता खालच्या शिवणकामवाल्या काकूंना सोसवेना. त्या वर आल्या, दारातून डोकावल्या आणि समोरच्या मास्तरांना घेऊन आल्या.

"मास्तर, श्वास चालू आहे का हो?"

"मशीन चालू आहे. माणसाचं काही सांगवत नाही."

"आणि वहिनी?"

"आत निपचित पडल्यात. धक्का बसला असणार."

मास्तरांनी तडक डेपोत फोन लावला. डेपोचे साहेब धावतपळत आले. "उशीर का झाला?" यापलीकडे ते ड्रायव्हरशी आजवर एक शब्द बोलले नव्हते.

एव्हाना कुजबुजीने ड्रायव्हरला जाग आली होती. त्याने डोळे किलकिले केले, तर पायथ्याशी साक्षात साहेब, हात जोडून उभे. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"असा ड्रायव्हर पुन्हा मिळायचा नाही," साहेब म्हणाले. "तोंडावर कधी बोललो नाही. पण त्याची गाडी मी अजून कुणाच्या हातात दिलेली नाही."

ड्रायव्हरला आनंदाने गुदमरायला झालं.

"आणि स्वभाव म्हणाल तर..." साहेब डोळे पुसायला थांबले.

ड्रायव्हरने वाट पाहिली. शेवटी राहवेना, त्याने मुखवटा खाली ओढला. "स्वभावाचं काय, साहेब?"

काकू किंचाळल्या. बायको धडपडत बाहेर आली आणि सगळ्यांवर उखडली, "कोणी उठवलं यांना?"

दुसऱ्या दिवशी निकाल ऐकायला साहेब जातीने दवाखान्यात आले. ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला होता.

"झोपेत एकही ठोका चुकलेला नाही," डॉक्टर खुशीत म्हणाले. "यंत्राने काम केलं. गाडी चालवा बिनधास्त. फक्त उठायच्या जरा आधी ठोके भलतेच उधळलेत. तेव्हा काय झालं होतं?"

ड्रायव्हर लाजला. "साहेब माझ्याबद्दल चांगलं बोलत होते."

"काळजी करू नका, डॉक्टर," साहेब उठत म्हणाले. "पुन्हा बोलणार नाही."