पाव्हण्यासाठी झोळी

"साहेबाची झोळी म्या डोळ्यानं पाह्यली. त्यात हाय काय? दोन झाडं, दोन आकडे अन् दोर! आपली त्याच्याहून भारी टांगतो!" केनवडच्या उकंडरावांनी बायकोला, गोजराबाईला, ठणकावून सांगितलं.

मोजणीचा साहेब गावच्या आमराईत उतरला होता. दुपारी तो दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत झोपायचा, वर उन्हाला ताडपत्री. उकंडरावांच्या ते मनात भरलं. शुक्रवारी रिठदहून त्यांचे व्याही भगवंतराव यायचे होते. मागच्या खेपेला ते इथल्या बाजेवर झोपले आणि "उकंडरावाचे ढेकूण पाव्हणा पाहूनच चावतात" असं रिठदभर सांगत सुटले. लेकीचं सासर! इज्जतीचा सवाल होता.

बाजारात उकंडरावांनी दोर पारखायला घेतले. काथ्याचा टोचतो, सुताचा लांबतो, म्हणून अंबाडीचा ठरला. तो दुकानाच्या आडव्या बल्लीवरून टाकून ते स्वतःच लोंबकळले. बल्ली करकरली, पाल कलंडलं.

"भाऊ, दोर न्या, पण दुकान सोडा!" दोरवाला ओरडला.

दोर पक्का निघाला. मग उकंडराव लखमा लोहाराकडे गेले.

"लखमा, झोळी टांगाले दोन आकडे पाह्यजे. घरी पाव्हणा येऊन राह्यला."

झोळी आणि पाव्हणा! लखमाला वाटलं, बाळच येणार. त्यानं उकंडरावांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं.

"या वयात, भाऊ?"

"पाव्हण्याले वय कायचं? आला का करा लागते."

"कवा येते?"

"शुक्रवारी. जेवाच्या आंधी."

"वेळ बी ठरली! अन् वजन?"

"असन चांगलं. खात्यापित्या घरचा हाय."

"देव भलं करो," म्हणत लखमानं पाळण्याचे दोन नाजूक आकडे काढून दिले. वर त्यांना तेलही चोळलं.

शुक्रवारी सकाळीच उकंडरावांनी अंगणातल्या दोन कडुनिंबांना दोराचे फास घातले, त्यांत आकडे अडकवले आणि आकड्यांना झोळी लावली. ताडपत्रीची दोरीही त्याच आकड्यांना! एका आकड्यात दोन कामं. साहेबालासुद्धा हे सुचलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची हिरीबाई डिंकाचे लाडू घेऊन आली. मागोमाग रंगूबाई बाळंतशोपा घेऊन.

"गोजरा, तू अजून चुलीपाशी? पडून राय, बाई!"

"काहून? मले काय झालं?"

"लाजतं कायले? लखमानं सारं सांगतलं."

गोजराबाई पन्नाशीच्या. धाकटा नातू पाटी घेऊन शाळेत जायचा. त्यांना समजेना, हसावं की लाटणं उचलावं! तोच दारात बैलगाडी थांबली. भगवंतराव उतरले आणि त्यांच्यामागून त्यांची बायको जिजाबाई, हातात इवलीशी कुंची घेऊन. बैलांना पाणी पाजायला गाडी लखमाच्या भात्याशी थांबली होती!

"ईनबाई," जिजाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या सूनबाईले तरी कळवाचं!"

गोजराबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अवो, थे झोळी इवायासाठी हाय!" ते कळवळून ओरडले. "पाव्हणा म्हंजे हे! भगवंतराव! बसा, बसा इवाई, दाखवा यायले!"

भगवंतराव अंगानं चांगले भरलेले. ते ऐटीत झोळीत बसले. एक क्षण सगळं ठीक होतं. उकंडरावांनी बायकांकडे विजयानं मान वळवली. आणि दोन्ही आकडे बाभळीच्या काट्यासारखे सरळ झाले!

धप्प!

वरून ताडपत्रीही आली आणि व्याही दिसेनासे झाले. उकंडरावांनी ताडपत्रीची एक बाजू उचलली.

"इवाई... लागलं काय?"

आतून भगवंतरावांचा आवाज आला. "कंबर बसली थोडी. पण भुई गार हाय अन् ढेकूण बी नाई. तसंच धरून ठेवा. वारा येऊन राह्यला."

पुढच्या क्षणी घोरणं सुरू झालं. उकंडराव ताडपत्री दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे. खाली ठेवावी तर व्याही गुदमरतील, हलावं तर जागे होतील. नाकावर माशी बसली, तीही उडवता येईना.

दुपार कलल्यावर गोजराबाई कपबशी घेऊन आल्या.

"च्या घेता?"

उकंडरावांनी भरल्या हातांकडे केविलवाणी नजर टाकली.

"नाई? बरं," म्हणत गोजराबाई समोरच्या ओट्यावर बसल्या आणि बशीत ओतून सावकाश, फुर्रर्र करत, सगळा चहा पिऊन गेल्या.