महाराजांच्या प्रतापाची गाठ

॥ श्रीधन्वंतरी समर्थ ॥ शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी एके राज्यी वर्तले ते ऐसे जे, महाराज मोठे प्रतापी. दरबारी बसले असता एकाएकी मुद्रा पांढरी पडावी, घामाच्या धारा लागाव्या, छाती धडधडावी, मस्तक ठणकावे, आणि मानकऱ्यांनी "प्रताप उसळला" म्हणोन शिंग फुंकवावे आणि अवघ्यांनी लोटांगण घालावे, ऐसा रिवाज पडला होता. राजवैद्य सगुणाबाईंस तो खटके. परंतु राजाचे घामास रोग कोण म्हणेल? मग एके दिवशी महाराजांचे कुशीत कळ उठली, आणि मुतखडा असेल म्हणोन सीटी स्कॅन करविला. खडा होता, तो आपले वाटेने निघोन गेला. परंतु करावयास गेले एक आणि निघाले भलतेच. डावे मूत्रपिंडाचे माथ्यावर चिमुकली ग्रंथी असते, तीत आवळ्याएवढी गाठ दिसली.

सरनोबत हणगोजीराव मिशीस पीळ देऊन बोलिले, "त्यात काय? सुई खुपसावी, तुकडा काढावा, निकाल लावावा."

सगुणाबाई आडव्या आल्या. "रावसाहेब, ऐशा गाठी बहुतांस सापडतात. बहुतेक गरीब असतात, त्यांजवर नजर ठेविली म्हणजे पुरे. परंतु ही कोणता रस पाझरते हे रक्त-लघवी तपासोन कळल्याविना सुई लावणे म्हणजे दारूखान्यात मशाल नेणे. रक्तदाब भडकला तर महाराज जागीच जातील."

"आणि काही न निघाले तर?"

"तर माझी वैद्यकी काढोन घ्यावी."

मग तपासणी जाहली, आणि बाईंचा तर्क खरा निघाला: गाठ दाब भडकविणारा रस पाझरत होती, घाम आणि धडधड त्याचीच. बाईंनी भर दरबारी सांगितले, "महाराज, हा प्रताप नव्हे. ही गाठ आहे." महाराजांनी सर्वांस बाहेर घालविले आणि हळूच पुसिले, "बाई, ती काढिली तर मज कोण भिईल?"

"ठेविली तर भिण्यास महाराजच उरणार नाहीत."

महाराजांनी मान डोलविली. मग पंधरवडाभर रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले, मीठपाणी वाढविले, दाब ताब्यात आणिला आणि मगच पोटास लहान छिद्रे पाडोन गाठ ग्रंथीसुद्धा काढिली. महाराज शुद्धीवर येऊन पाणी मागू लागले, तेव्हा बाईंचे डोळे भरोन आले.

पुढे पहिले दरबारी फिर्याद आली की हणगोजीरावांनी एका गावाचा पाट आपले बागेस वळविला. शिंगवाल्याने शिंग तोंडास लाविले आणि वाट पाहात राहिला. महाराजांस घाम नाही, धडधड नाही. शांतपणे बोलिले, "पाणी आजच सोडा." हणगोजीराव उठोन गेले आणि सांजेस पाट वाहू लागला.

सारांश इतकाच की गाठ अवचित सापडली, पारखोन काढिली, आणि महाराज सुखरूप आहेत. प्रताप सगुणाबाईंचे फडताळात बरणीत आहे. मागेल त्यास दाखवितात. आवळ्याएवढा आहे.