राज्य कोणतं?

बबनतात्यांना काहीही विचारा, ते आधी उलट विचारतात, "राज्य कोणतं?"

अतिशयोक्ती करत नाही. टपरीवाल्या मंगलताईंनी एकदा माझ्यासमोर विचारलं, "तात्या, चहात साखर किती टाकू?" तर म्हणाले, "राज्य कोणतं?"

"महाराष्ट्रच की! कुठं निघालात?"

"मग दोन चमचे टाक. गुजरातेत असतो तर विचारायची गरजच न्हवती."

ही टपरी लायसन्सच्या चाचणीच्या मैदानाबाहेर आहे. तात्या मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. शेती होती, ती कंपन्यांत गेली; त्याआधीच हे ट्रकवर गेले होते. तीस वर्षं देशभर ट्रक चालवला आणि आता रोज सकाळी दहा ते एक टपरीच्या बाकावर बसतात. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची जाड वही, शेजारी स्टीलचा डबा. वहीत प्रत्येक राज्याला वेगळं पान. जड वाहनाच्या लायसन्ससाठी कुठे कसली चाचणी घेतात, कुठे आरटीओचे साहेब शेजारी बसून बघतात, कुठे कॅमेरा बघतो, कुठल्या पहाडात लायसन्सवर वेगळी नोंद लागते, रिक्षाच्या बॅजला कुठली भाषा यावी लागते, सगळं त्यात.

"कायदा दिल्लीचा एकच हाय, राव," ते सांगतात. "पण खिडकी दर राज्याची येगळी."

चाकणच्या पट्ट्यात माणसं सगळीकडून आलेली. कुणाचं लायसन्स बिहारचं, पत्ता निघोज्याचा, आणि सल्ला देणारा मेहुणा सुरतेचा. असा माणूस फाइल घेऊन गोंधळलेला दिसला की तात्या त्याला बाकावर बसवतात. एक पैसा घेत नाहीत. फक्त त्याच्या राज्यात काय नवीन झालं ते विचारून वहीत लिहून घेतात. नाव मात्र कुणाचं लक्षात ठेवत नाहीत. एकाला "ओ बिहार" म्हणतात, दुसऱ्याला "कर्नाटक". मी लातूरचा, म्हणून मी "लातूर". महाराष्ट्रातल्या माणसाला ते जिल्हा देतात, एवढी सवलत.

आता माझं सांगतो. ते सांगताना आजही मान खाली जाते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी नोकरी गेली. आकुर्डीच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये वीस वर्षं होतो, ते बंद पडलं. चाकणचा एक ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत जड वाहनाचं लायसन्स आणा, गाडी देतो. रावेतला भाड्याचं घर, मुलगी बारावीला. महिना संपायला सतरा दिवस होते.

कारचं लायसन्स जुनं होतं, जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स आधीच काढून ठेवलं होतं, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखलाही मिळाला. चाचणीची तयारी मी मोबाइलवर केली. एक व्हिडिओ सापडला, फार छान समजावलेला. आठ दिवस मी तोच बघत होतो आणि स्कूलच्या ट्रकवर तसाच सराव करत होतो. ट्रक वळणावळणानं मागे घ्यायचा, दोन्ही बाजूंच्या खांबांना धक्का लावायचा नाही.

तात्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून, डोळे बारीक करून व्हिडिओ पाहिला. "राज्य कोणतं?"

"ट्रकला काय कळतंय तात्या, राज्य कोणतं!"

"ट्रकला न्हाई, पण सायबाला कळतं. ह्यो दुसऱ्या राज्यातला कॅमेऱ्याचा ट्रॅक हाय. आपल्याकडं साहेब चढावर थांबवत्यात. चढावर गाडी उचलायचा सराव कर, लातूर."

टपरीवर पाच-सहा जण होते, ते हसले. मला ते हसणं लागलं. त्या तणावात मी मोठ्यानं म्हणालो, "वहीवर गाडी चालत नाही, तात्या. एवढं कळतं तर तुमचं लायसन्स दाखवा की एकदा!"

कुणी हसलं नाही. तात्यांनी वही मिटली, डबा उचलला आणि बारा वाजताच निघून गेले. मंगलताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुगरनं नजर अधू झाली त्यांची. डॉक्टरनं दाखला दिला न्हाई, लायसन्स रिन्यू झालं न्हाई. तेव्हापासून इथं बसत्यात."

दुसऱ्या दिवशी चाचणी. साहेबांनी ट्रक चढावर नेऊन थांबवायला सांगितला. "आता उचला." ट्रक हातभर मागे आला. "सात दिवसांनी पुन्हा या," साहेब शांतपणे म्हणाले.

मी बाहेर आलो तर तात्या बाकावर होते. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी विचारलं, "किती मागं आला?"

"हातभर."

"मग काय न्हाई. उद्या सकाळी सातला इंद्रायणीच्या पुलाकडं चढावर ये. स्कूलवाल्याला म्या सांगतो."

सकाळी स्कूलचा मास्तर माझ्या शेजारी बसला. तात्यांनी चढावर ट्रक थांबवायला लावला, हातानं चाचपडत मागे गेले आणि आपला डबा मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ठेवला. मग बाजूला उभं राहून ओरडले, "उचल! डबा चेपला तर उद्यापासून माझं जेवण तुझ्या घरी. मला मेथी चालत न्हाई, आधीच सांगतो!"

त्या डब्यानं मला जे शिकवलं ते आठ दिवसांच्या व्हिडिओनं शिकवलं नव्हतं. इंजिनाचा आवाज जड झाला, पायाखाली थरथर जाणवली, की मगच हँडब्रेक सोडायचा. सहा दिवस, रोज वीस-पंचवीस वेळा. डब्याला ओरखडासुद्धा गेला नाही. मी रोज ठरवायचो, आज माफी मागू. रोज तात्या डबा उचलून पुसत, काखेत मारत आणि "आटप, उशीर व्हतोय," म्हणत निघत.

सातव्या दिवशी साहेब म्हणाले, "उचला." मला आरशात तो डबा दिसत होता. ट्रक तसूभरही मागे आला नाही.

मी पेढे आणले. पुड्याचा कागद फाटला, म्हणून तात्यांचा रिकामा डबा मागून घेतला. पेढे भरताना झाकणावर कोरलेलं नाव पहिल्यांदा वाचलं. 'सौ. शेवंता.'

"तात्या, हा काकूंचा डबा?"

"व्हय. आठ वर्षं झाली तिला जाऊन."

"आणि तुम्ही तो माझ्या चाकामागं ठेवलात?"

"चेपला का?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, तेवढ्यापुरती शुगर विसरले. मग म्हणाले, "राज्याची हद्द ओलांडली की म्या गावातल्या दुकानात फोन लावायचो. कुणीतरी तिला हाक मारायचं. पळत यायची, दम लागलेला असायचा. पयला शबूद, 'राज्य कोणतं?' मग तिथं काय खाल्लं, कागद कुणी मागितले, समदं विचारायची. ही वही तिनंच घेऊन दिली. म्हणाली, लिहून ठेवा, कुणाच्या तरी कामी येईल."

मी त्यांना सांगितलं, सोमवारी पहिली फेरी आहे, कर्नाटक ओलांडून तमिळनाडूत होसूरला, गाड्यांच्या पार्टचा माल घेऊन. त्यांनी वहीत कर्नाटकाचं पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा वही मिटली.

"हद्दीवर थांबून फोन करशील?" असं म्हणाले आणि लगेच सावरून, "म्हंजी कागद नीट हायेत का, ते कळंल."

सोमवारी दुपारी हद्दीवरचं कागल मागे टाकलं, निपाणीजवळ ट्रक बाजूला घेतला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"राज्य कोणतं?"

"कर्नाटक, तात्या." मग इतके दिवस राहून गेलेलं एकदाचं बोलून टाकलं, "तात्या, त्या दिवशी टपरीवर मी तुम्हाला नको ते बोललो. मला..."

"ते ऱ्हाऊ दे. जेवलास का? काय जेवलास? कागद मागितले का कुणी? सावकाश सांग, लिहून घेतोय."

मी भाकरीपासून सुरुवात केली. एक कधीच वाजून गेला होता, तरी मागून मंगलताईंचा आवाज आला, "तात्या, चहा गार झाला!"

"थांब गं जरा," तात्या म्हणाले. "कर्नाटक चालू हाय."