सीलबंद काकांचे चार कॅन

"पाण्याचं माझ्यावर सोडा," असं सीलबंद काका म्हणाले, तेव्हाच खरं तर घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

काका एकतीस वर्षं एका कारखान्याच्या भांडाराचे प्रमुख होते. आलेल्या प्रत्येक खोक्याच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर आडवी सही ठोकायची, ही त्यांची रीत. नाव त्यावरूनच पडलं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पट्ट्या काही सुटल्या नाहीत. घरातल्या साखरेच्या डब्यावरसुद्धा एक होती.

"एकतीस वर्षांत नट आवळायचा एक पानासुद्धा हरवला नाही माझ्या हातून."

"एक हरवला होता," काकू म्हणाल्या.

"हरवला नव्हता, नेला होता. आणि कोणी नेला ते मला चांगलं ठाऊक आहे."

इमारतीच्या दाराशी नोटीस लागली होती. पाण्याची मोठी वाहिनी बदलायची असल्यानं शनिवारी सकाळी दहापासून तीन दिवस नळ बंद. नेमकी त्याच शनिवारी काकांची लेक तीन दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून माहेरी यायची होती. "बाबा, प्यायचं पाणी नीट भरून ठेवाल ना?" तिनं फोनवर विचारलं होतं, आणि काकांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. फोनवर छाती दिसत नाही, तरी ठेवला होता.

काकूंनी सोड्याच्या बारा रिकाम्या बाटल्या साबणानं धुऊन ओळीनं मांडल्या. काकांनी एकेकीत नाक घातलं.

"यात आधी काय होतं?"

"सोडा."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ती बाटली जन्मालाच आली नव्हती."

"हेच सगळे सांगतात," काका म्हणाले आणि त्यांनी बाराच्या बारा बाटल्या बाद केल्या. जिन्यातच वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. "टाकताय? मग मला द्या," म्हणून त्या घेऊन गेल्या. आपला कचरा कोणी इतक्या आनंदानं नेतं, याचा काकांना लगेच संशय आला.

पातेली उघड्या तोंडाची, त्यांत कोणीही हात बुडवणार. काचेची बरणी फुटणार. जावईबापू चष्म्याच्या दुकानात कामाला; त्यांनी भिंगं पुसायच्या औषधाचा मोठा कॅन आणला, तो काकांनी दारातूनच परत पाठवला. इथे मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. औषधाच्या कॅनमध्ये प्यायचं पाणी भरायचं नसतं, कितीही धुतला तरी. पण माणूस एकदा बरोबर ठरला की त्याला आवरणं कठीण जातं.

शेवटी ते दुकानात गेले. दुकानदारानं झाकणवाला, तोटीवाला निळा कॅन पुढे केला. "खाण्यापिण्यासाठीच आहे, काका. तळाला पेल्याची आणि काट्याची खूण आहे बघा."

"खूण काय, कोणीही छापेल," असं म्हणत काकांनी तळ बघायला शेजारचा कॅन उचलून उलटा केला. तोटी कशी चालते ते गिऱ्हाइकाला दाखवायला तो पाण्यानं भरून ठेवलेला होता आणि त्याला झाकण नव्हतं. दुकानदार कमरेपासून खाली भिजला. खूण मात्र अस्सल निघाली. एवढं झाल्यावर रिकाम्या हातानं परतायची सोय नव्हती, म्हणून काकांनी चार नवे कॅन घेतले.

शुक्रवारी त्यांनी ते साबणानं धुतले, निर्जंतुक करायच्या औषधाचे थेंब टाकलेल्या पाण्यानं खळखळून घेतले, सुकवले. मग झाकणं लावून चारही झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर लिहिलं: "तपासले. रिकामे." खाली सही.

"अहो, आजच भरून टाकू या की," काकू म्हणाल्या.

"आज भरलं तर उद्यापर्यंत शिळं होईल. उद्या सकाळी, माझ्यासमोर. तोवर कोणी हात लावायचा नाही."

शनिवारी सात वाजता काका स्वयंपाकघरात आले आणि जागीच थबकले. तिसऱ्या कॅनची पट्टी कापलेली होती! काकू घरात नव्हत्या. रोजच्यासारख्या डबा घेऊन दवाखान्यात गेल्या असणार. कोचावर फक्त जावईबापू झोपलेले.

"सील कोणी तोडलं?"

जावईबापू डोळे चोळत उठले. "कसलं सील?"

"हे विचारताय याचाच अर्थ तुम्हाला माहीत आहे."

"बाबा, आधी भरून घेऊ या का? दहाला पाणी जातंय."

"भरलं की पुरावा वाहून जाईल."

काकांनी भिंग आणलं. पट्टी फाटलेली नव्हती, कात्रीनं सरळ रेषेत कापलेली होती. इमारतीत सरळ रेषेत कापणारं माणूस एकच. काका तडक जिना चढले. शिंपीणबाईंच्या घरात खिडकीखाली बारा बाटल्या काठोकाठ भरून उभ्या होत्या.

"बाई, तुमची कात्री दाखवा."

"काय शिवायचंय?"

"काल संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आला होतात."

"बाळासाठी दुपटं द्यायला आले होते, काका. तुमच्याच हातात दिलं."

"सहा कोपरे बघत होतात तुम्ही आमच्या स्वयंपाकघराचे."

"कोपरे चारच असतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकांच्या मते निरपराध माणूस असं दार लावत नाही.

खाली येऊन त्यांनी वहीत दोन पानी जबाब लिहिला. जावईबापूंनी पुन्हा घड्याळ दाखवलं. पण आता चारही कॅन संशयित झाले होते. उघड्या कॅनमध्ये कोणी काही टाकलं असेल तर? आणि एकात टाकणारा बाकीचे तीन का सोडेल? काकांनी चारही पुन्हा साबणानं धुवायला घेतले. चौथ्याचा फेस काढायला त्यांनी नळ सोडला, तेव्हा नळानं घसा खाकरला, दोन थेंब टाकले आणि तो गप्प झाला. घड्याळात दहा वाजून एक मिनिट झालं होतं.

साडेदहाला काकू आल्या. मागे लेक, तिच्या हातात बाळ. लेक खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "बाबा, आधी पाणी द्या. घशाला कोरड पडलीय."

काका कॅनकडे बघत राहिले. जावईबापू छताकडे बघत राहिले.

"भरले नाहीत?" काकूंनी विचारलं.

"कसे भरणार? तिसऱ्याचं सील कोणीतरी तोडलं. सकाळपासून चौकशी चालू आहे."

"मी तोडलं."

"तू? कशाला?"

"भरायला," काकू म्हणाल्या. "सहाला उठले, कात्रीनं पट्टी कापली, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला की लवकर सोडताहेत, तर तशीच पळाले. म्हटलं, एक उघडा दिसला की तुम्ही चारही भरालच."

बायकोवर संशय घ्यायचं काकांना सुचलं नव्हतं असं नाही. हिंमत झाली नव्हती. लेकीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा त्या हरवलेल्या पान्याबद्दलही शंका आली की तो आपल्याकडूनच कुठे पडला असेल का. त्यांनी पातेलं उचललं आणि ते जिना चढले.

शिंपीणबाईंनी दार उघडलं, पातेलं हातात घेतलं, उलटं करून तळ पाहिला आणि मग वास घेतला.

"यात आधी काय होतं?"

"पाणी," काका म्हणाले.

"आणि त्याआधी?"

"चुकलं माझं, बाई," काका म्हणाले. "लेक तहानलेली आहे."

बाईंनी पातेलं परत केलं, "थांबा" म्हणाल्या आणि आत गेल्या. पाच मिनिटांनी त्यांनी सहा बाटल्या पिशवीत घालून काकांच्या हातात दिल्या. आत काय केलं ते विचारायची सोय नव्हती.

खाली काकूंनी पहिली बाटली बाहेर काढली. झाकणावर कागदाची पट्टी होती, सरळ रेषेत कापून चिकटवलेली. काकूंनी ती लेकीला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली.

"तपासले. भरलेले."

खाली शिंपीणबाईंची आडवी सही होती. काका खिळ्यावरची कात्री काढून घेऊन आले.